‘खामोश’ : प्रेताभोवतीची शांतता

विधु विनोद चोप्रांच्या ‘खामोश’ (१९८५) या चित्रपटाचे नाव निघाले की जाणकारांचा स्वर आपोआप हळवा होतो. गाणी नाहीत, पैसा नाही, वितरकही नाही. शेवटी दिग्दर्शकाने स्वतःच मुंबईच्या रीगलमध्ये तो लावला. ही जिद्द आम्हांलाही आदरणीय वाटते. परंतु चित्रपट कसा निघाला याची हकिकत हा त्या चित्रपटाचा गुण नव्हे. ही साधी गोष्ट आपल्याकडे, विशेषतः ‘समांतर’ म्हटल्या गेलेल्या सिनेमाबाबत, फार लवकर विसरली जाते.

पहलगाममध्ये चित्रीकरणासाठी उतरलेल्या चमूतील सोनी ही अभिनेत्री मरण पावते. आत्महत्या म्हणून प्रकरण मिटवण्याची सर्वांना घाई असते आणि तेवढ्यात नसीरुद्दीन शाह यांचा लष्करी अधिकारी चौकशीला येऊन उभा राहतो. शबाना आझमी, अमोल पालेकर पडद्यावर आपापल्या खऱ्या नावांनीच वावरतात. मृत सोनीची भूमिकाही सोनी राजदान यांचीच. एवढे ऐकूनच अपेक्षा उंचावतात. जो धंदा स्त्रीचा चेहरा विकतो, तो तिच्या मृत्यूकडे कसा पाहतो? मुखवटा कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो? खऱ्या नावांची योजना या प्रश्नांकडेच बोट दाखवते.

आणि मग चित्रपट ते बोट खाली घेतो. ‘कोणी मारले?’ या एका प्रश्नामागे तो असा धावत सुटतो की ‘मेली ती कोण होती?’ हे विचारायला कुणालाच सवड उरत नाही. सोनीची आठवण निघते ती केवळ कुलूप उघडणाऱ्या किल्लीसारखी. तिला काय हवे होते, कशाची भीती वाटत होती, हे आपल्याला कळते ते संशयितांच्या सोयीपुरतेच. खऱ्या नावांचेही तेच. पालेकरांना वेगळे नाव दिले असते तर नेमके काय बिघडले असते, असे वाटावे इतपत ती युक्ती वरवरची राहते.

रहस्यपटाकडून एवढी अपेक्षा करावी काय, असे कोणी विचारील. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयकडून आम्ही ती कधीच केली नाही. तिथे प्रेत हे निमित्त आहे, हे लेखकाला ठाऊक असते आणि वाचकालाही. ‘खामोश’ मात्र वेगळा करार करून बसतो आणि मग तो मोडतो.

कसबाचा प्रश्नच नाही. बिनोद प्रधान यांचा कॅमेरा देखण्या काश्मीरला पर्यटनपत्रिका होऊ देत नाही. रेणू सलुजा यांचे संकलन श्वास रोखून धरायला लावते. (चोप्रा स्वतः काश्मीरचे. त्या खोऱ्याविषयी त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असणार, पण इथे ते नेपथ्यच राहते.) पंकज कपूर यांची अस्वस्थ करणारी भूमिका तर आजही अंगावर येते. म्हणूनच निराशा अधिक. अनाडी माणसाच्या चित्रपटावर एवढे शब्द कोण खर्च करील?

चारच वर्षांनी याच त्रयीने ‘परिंदा’ केला. त्यात दादरच्या कबुतरखान्यापाशी पडलेला खून पुढे चित्रपटभर भावाभावांमध्ये ठाण मांडून बसतो. सोनीच्या वाट्याला तेवढेही आले नाही.