एकसारखा वेग आणि बदलता खर्च

नंदुरबारहून सुरतेस वारंवार ये-जा करणाऱ्या एका कुटुंबाकडून आम्हांस पृच्छा आली आहे. त्यांनीं पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणारी हायब्रीड मोटार घेतली. गांवांत ती मनाजोगती चालते. परंतु हमरस्त्यावर ताशीं 80 किलोमीटरांचा वेग कांटेकोरपणें राखला असतांही, लिटरमागें किती मजल होते हें दाखविणारा आंकडा मधूनच एकदम खालीं येतो. कारागिरास दोष सांपडत नाहीं. आणि घरांत ड्रायव्हरच्या सचोटीविषयीं कुजबूज सुरू झाली आहे. प्रश्न यंत्राचा असला तरी त्याचें पर्यवसान एका माणसाच्या चाकरीवर होऊं पाहत आहे. म्हणून त्याचा नीट विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

मूळ गैरसमज असा कीं, वेग स्थिर म्हणजे इंजिनाचे श्रमही स्थिर. वस्तुतः तसें नाहीं. हवेचा विरोध गाडी व वारा यांच्या परस्पर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. 80 च्या वेगानें जाणाऱ्या गाडीस समोरून ताशीं 20 किलोमीटरांचा वारा लागला, तर तो विरोध दीडपटीहून अधिक होतो. आणि ज्येष्ठ-आषाढांत सुरतेकडे तोंड केलेल्या गाडीस पश्चिमेचा वारा समोरूनच भेटतो. चढाचेंही तेंच. शंभर मीटरांस एक मीटर हा चढ डोळ्यांस जाणवत नाहीं; पण दीड टनाच्या गाडीस तो 15 किलो भाराच्या ओढीनें मागें खेंचीत असतो. नंदुरबार सुरतेहून सुमारें 200 मीटर उंच आहे. केवळ तेवढी उंची चढण्यापायीं परतीच्या वाटेवर अदमासें पाव लिटर पेट्रोल अधिक लागतें.

त्यांत बॅटरीचा हिशेब मिसळतो. हायब्रीड मोटारींतील बॅटरी लहान असते. तिच्यांत विजेच्या बिलांतील एक-दोन युनिटांएवढीच वीज मावते. गृहिणी जशी डब्यांतील शिलकीवर चार दिवस भागविते व पगार होतांच ती भरून काढिते, तशीच ही गाडी वागते. वीज खर्चीत असतां पेट्रोलचा आंकडा फुगतो. इंजिन ती उसनवार फेडूं लागलें कीं तोच आंकडा कोसळतो. वेग मात्र तोच असतो. यांपैकीं कोणताही एक क्षण संसाराचा खरा जमाखर्च नव्हे.

शिवाय, या गाडीचा मोठा लाभ ब्रेक लावतांना वांया जाणारी शक्ति विजेच्या रूपानें परत मिळविण्यांत आहे. गांवांत थांबावें लागतें, म्हणून तेथें लाभ. एकसारख्या वेगाच्या प्रवासांत परत मिळवावयाचें असें थोडेंच असतें. जुन्या मोटारी हमरस्त्यावर अधिक मजल देत. तीच अपेक्षा येथें ठेवणें योग्य नाहीं.

पेट्रोलमध्येंही फरक पडला आहे. 2025 सालीं आपल्या देशांत 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गांठला गेला. इथेनॉलच्या एका लिटरांत पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश इतकीच उष्णता असल्यामुळें, शुद्ध पेट्रोलच्या मानानें मिश्रणाची उष्णता शेंकडा सहा-सात कमी भरते. हें एकाएकीं होणाऱ्या घसरणीचें कारण नव्हे. परंतु जुन्या सरासरीशीं तुलना करतांना तें विसरूं नये.

तेव्हां उपाय सोपा आहे. टांकी पूर्ण भरावी, किलोमीटर लिहून ठेवावे, आणि जाण्यायेण्याच्या दोन्ही वाटांसह चार-पांच भरण्यांची सरासरी काढावी. टायरांतील हवा सकाळीं, गाडी थंड असतां, तपासावी. पुष्कळ गाड्यांत बॅटरीस थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी मागच्या आसनाजवळ असते. ती धुळीनें कोंदलेली वा सामानानें झांकलेली नसावी. इतकें करूनही सरासरी महिनोन्महिने उतरतच राहिली, तर अडकणारे ब्रेक, चाकांची सरळ रेष व बॅटरीची प्रकृति तज्ज्ञाकडून पाहून घ्यावी.

घरच्या वाण्याचा हिशेब आपण महिन्याअखेर पाहतों, दर घासागणिक नव्हे. मोटारीसही तोच न्याय लावावा. आणि क्षणोक्षणीं हालणाऱ्या आंकड्याच्या साक्षीवर कोणाही माणसाची सचोटी तोलूं नये.