उसाच्या फडापर्यंत मिस्सा

मिस्सेत अर्पण केलेली भाकर आणि द्राक्षारस ही ख्रिस्ताची निव्वळ आठवण नव्हे. त्या रूपांत ख्रिस्त स्वतः हजर असतो, ही कॅथलिक श्रद्धा. तिला ओहोटी लागल्याची चिंता जगभरच्या चर्चला आहे. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत जेमतेम एकतृतीयांश कॅथलिकांनी ही श्रद्धा आपली म्हणून सांगितली. मग तिथल्या बिशपांनी पुनरुज्जीवनाची मोहीम हाती घेतली आणि जुलै २०२४ मध्ये इंडियानापोलिसला भव्य परिषद भरवली. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मात्र जास्त बोलका आहे: दर आठवड्याला मिस्सेला जाणाऱ्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते. पाहणीतला प्रश्न नीट विचारला गेला नव्हता, असा आक्षेप आहे आणि तो रास्तही आहे. तरी त्याच प्रश्नाला नियमित येणारे आणि न येणारे इतकी वेगळी उत्तरे देतात, हे त्याने खोडले जात नाही. श्रद्धा असेल तोच नियमित येणार, हेही खरे. पण ज्याला जायला जवळपास मिस्साच नाही, त्याने श्रद्धा कशावर जोपासायची?

बीड जिल्ह्यातल्या माजलगावातून पाहिले की हाच प्रश्न आधी समोर येतो. हा तालुका औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. १९७७ साली स्थापन झालेल्या या धर्मप्रांतात मराठवाड्याचे आठही जिल्हे येतात. वसईत एका चर्चच्या घंटेच्या टप्प्यात दुसरे चर्च लागते. इथे कॅथलिक घरे तुरळक आणि पांगलेली. त्यात बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. म्हणजे आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ आणि बहुधा पवित्र आठवडाही फडावरच. तिथे रविवारची सुट्टी नसते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. अशा टोळीतल्या ख्रिस्ती जोडप्याला ‘तुमची भक्ती कमी झाली’ म्हणणे हा मला अन्याय वाटतो.

यावर जाणत्या भाविकांचा आक्षेप असा, की भक्तीआधी मजुरांच्या अडचणींचा विचार केला तर आराधनेचे रूपांतर समाजसेवेत होते. मला तसे वाटत नाही. हा विचार श्रद्धेच्या गाभ्यातूनच येतो. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. हे प्रभूचे भोजनच नव्हे, असे प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून खडसावले, आणि त्याच पत्रात त्याने प्रभूचे शरीर न ओळखता खाणाऱ्याला इशारा दिला. दोन्ही गोष्टी त्याच्या लेखी एकच होत्या. पंगतीतला भेद पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या मराठवाड्यातल्या दलित ख्रिस्ती माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चर्चमध्येही जातिभेद आहे, हे भारतीय बिशपांनी २०१६ च्या आपल्या धोरणात मान्य केले आहे. ज्या वेदीपाशी तो टिकून आहे, तिथे ख्रिस्ताच्या उपस्थितीवरचे प्रवचन कोणाला पटेल?

मोठ्या सोहळ्यांना माझा विरोध नाही. १९६४ साली मुंबईत याच श्रद्धेसाठी भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला पोप सहावे पॉल आले आणि या श्रद्धेकडे सगळ्या देशाचे लक्ष गेले. पण सोहळा उठतो, रविवार मात्र दर आठवड्याला येतो.

धर्मगुरू थोडे आहेत, ही अडचण खरी आहे. त्यावर रोमने १९७३ सालीच वाट मोकळी केली: बिशपांच्या परवानगीने प्रशिक्षित प्रापंचिकही कम्युनियन, म्हणजे मिस्सेत अर्पण केलेली भाकर, नेऊन देऊ शकतात. हंगामापुरती ही जबाबदारी टोळीतल्याच एखाद्या जाणत्या बाईवर सोपवता येईल. तिची तयारी पावसाळ्यात, टोळ्या गावी असताना करून घ्यावी. ज्या धर्मप्रांतात साखर कारखाना आहे तिथल्या धर्मगुरूला तिचे नाव आधी कळवावे, म्हणजे तिला कम्युनियन तिथल्या चर्चमधून मिळेल आणि महिन्यातून एकदा तरी, रात्री काम संपल्यावर का होईना, टोळीच्या कोप्यांपाशी, म्हणजे झोपड्यांपाशी, मिस्सा होईल. यंदाचा हंगाम सुरू होण्याआधी दोन्हीकडच्या बिशपांनी एवढे ठरवावे.