तुलनेचा आरसा

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की मराठी मध्यमवर्गीय घरात संगणक, अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन यांचीच चर्चा होते. पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. परंतु त्यांतील अनेकांची दृष्टी नोकरीपलीकडे जात नाही. जपानी विद्यापीठांत संस्कृतींचा तौलनिक अभ्यास ही प्रतिष्ठित ज्ञानशाखा आहे, याची वार्ताही आपल्याकडे फारशी पोहोचलेली नाही. टोकियोच्या सोफिया विद्यापीठाने तर १९८७ साली या विषयाची स्वतंत्र विद्याशाखाच उभारली. २००६ साली तिचे रूपांतर अधिक व्यापक अशा विद्याशाखेत झाले. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्याने परकीय विद्यार्थ्यांनाही तिची दारे खुली राहिली.

या अभ्यासाचे मर्म समजून घ्यायचे तर टोकियो विद्यापीठाचे आचार्य हाजिमे नाकामुरा (१९१२-१९९९) यांच्याकडे पाहावे लागते. भारत, चीन, तिबेट आणि जपान या चारही भूमींनी बौद्ध विचार स्वीकारला. पण प्रत्येकीने तो आपापल्या भाषेच्या आणि स्वभावाच्या मुशीत ओतला. नाकामुरांनी नेमका हाच फरक तपासला. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर अवघ्या तीन-चार वर्षांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी स्वदेशीयांच्या विचारपद्धतीतील उणिवाही निर्भीडपणे दाखविल्या. पुढे त्यांच्या बौद्ध शब्दकोशाचे हस्तलिखित प्रकाशकाकडून गहाळ झाले. हा व्रतस्थ विद्वान खचला नाही; त्याने ते काम नव्याने हाती घेतले आणि १९७५ साली कोश प्रसिद्ध झाला.

जपानमध्ये सरस्वती 'बेन्झाइतेन' या नावाने पूजिली जाते, हे ऐकून आपली छाती अभिमानाने फुलते. ते स्वाभाविकही आहे. परंतु 'हे मूळचे आमचेच' एवढे म्हणून थांबणे म्हणजे अभ्यास नव्हे. तिच्या हाती जपानी 'बिवा' का आली, सात भाग्यदेवतांत तिला स्थान कसे मिळाले, हे प्रश्न विचारल्यावरच तुलना सुरू होते. आणि ते विचारणाऱ्याला आपली सरस्वतीही नीट ठाऊक असावी लागते.

येथेच आपली खरी कसोटी आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा प्रारंभ केला आणि १९६६ साली ती सिद्धीस नेली. त्या अफाट संहितेला संगणकीय रूप कोणी दिले? क्योटो विद्यापीठाचे आचार्य मुनेओ तोकुनागा यांनी. हा पुण्याच्या विद्वत्तेचा गौरव आहे, तसाच तो आपल्याला विचारलेला प्रश्नही आहे.

आपल्या मुलांनी जपानला अवश्य जावे. मात्र जाताना संस्कृतचा, संतवाङ्मयाचा आणि इतिहासाचा पाया पक्का करून जावे. रिकाम्या हाताने गेलेला विद्यार्थी तुलना कशाशी करणार? मुलाच्या हाती पारपत्र देणाऱ्या पालकांनी ही शिदोरीही त्याच्याबरोबर बांधून द्यावी.