बुऱ्हाणपूरचं खरं भांडार

मार्च २०२५ मध्ये असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते. 'छावा' चित्रपट नुकताच गाजला होता. त्यात बुऱ्हाणपूरवरच्या स्वारीचा प्रसंग आहे. मोगलांच्या मोहरा इथल्या मातीत पुरलेल्या आहेत, अशी आवई उठली आणि लोक खणायला धावले.

ती बातमी वाचून मला हसू आलं नाही. जुन्या गावाकडे आपण आता याच दोन नजरांनी बघतो: कोणी लुटलं आणि काय उरलं. गाव मुळात तिथे का वसलं, त्याला पाणी कोणी पाजलं, हे कोणी विचारत नाही.

आधी नकाशा बघू. पूर्वेकडून येणारी तापी इथून पश्चिमेला सुरतेकडे जाते. तिच्या उत्तरेला सातपुड्याची भिंत आहे. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरायला या भिंतीत जी वाट आहे, तिच्यावर असीरगड पहारा देत उभा आहे. उत्तरेतून दख्खनला येणारी फौज, व्यापारी, फकीर, सगळे इथूनच उतरायचे. आज खंडव्याहून भुसावळला येणारी रेल्वेसुद्धा याच खिंडारातून येते. गडापासून वीसेक किलोमीटरवर नदीकाठी बुऱ्हाणपूर आहे. वाट आणि नदी जिथे भेटतात तिथे गाव वसतं. राजा फक्त त्याला नाव देतो.

हे नाव मात्र आपल्या मराठवाड्यातून गेलं आहे. खुलताबाद म्हटलं की हल्ली एकाच कबरीवर वाद होतो, औरंगजेबाच्या. ती कबर ज्या दर्ग्याच्या अंगणात आहे तो जैनुद्दीन शिराजी यांचा, आणि समोर त्यांचे पीर बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा, हे वाद घालणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं? या गुरू-शिष्यांची नावं तापीच्या दोन काठांवर नांदतात. उत्तर काठावर बुऱ्हाणपूर, दक्षिण काठावर जैनाबाद.

परंपरा सांगते, की फारुकी घराण्याच्या नसीर खानाने असीरगड घेतला तेव्हा जैनुद्दीन त्याला भेटायला आले. खानाने इनाम देऊ केलं, ते त्यांनी नाकारलं आणि माझ्या पीराच्या नावाने गाव वसव असं सांगितलं. तारखा या गोष्टीला साथ देत नाहीत. जैनुद्दीन १३६९ मध्ये वारले आणि नसीर खान गादीवर आला १३९९ मध्ये. भेट घडली नसेल, पण नावं खरी आहेत. गड जिंकलेल्या राजाने नव्या राजधानीला स्वतःचं नाव दिलं नाही, एका गरीब म्हणवणाऱ्या सुफीचं दिलं. मला ही गोष्ट भेटीच्या कथेपेक्षा मोठी वाटते.

याच फारुकींनी बांधलेल्या जामा मशिदीत अरबीसोबत एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात ईश्वराची स्तुती, फारुकी राजांची वंशावळ आणि विक्रम संवत १६४६, शके १५११ अशी कालगणना आहे. मशिदीत पंचांगाची तिथी कोरताना त्या राजाला काही वावगं वाटलं नाही. आज कोणी असं करू म्हटलं, तर दोन्हीकडचे लोक त्याच्या अंगावर येतील.

१६०१ मध्ये असीरगड अकबराकडे गेला आणि बुऱ्हाणपूर मोगलांचं दख्खनचं ठाणं झालं. वस्ती वाढली, फौजा आल्या, पाणी कमी पडू लागलं. अब्दुल रहीम खानखाना तेव्हा इथला सुभेदार. दोहे लिहिणारा रहीम तो हाच. त्याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने शोध लावला, की सातपुड्यात मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत जातं. ते वाटेत अडवायचं ठरलं. जमिनीखाली बोगदे खोदले, ठरावीक अंतरावर वरून विहिरीसारख्या कुंड्या उतरवल्या, म्हणजे हवा आणि उजेड आत जाईल, माणसाला उतरून गाळ काढता येईल. उतारावरून पाणी आपोआप शहरात यायचं. ना मोट, ना रहाट. हेच ते कुंडी भांडारा.

आपल्या औरंगाबादेत मलिक अंबरने त्याच काळात याच पद्धतीची नहर बांधली. खानखाना आणि अंबर एकमेकांचे कट्टर वैरी. १६२० मध्ये अंबरच्या बाजूच्या फौजांनी बुऱ्हाणपूरला वेढाही दिला होता. पण रयतेला पाणी कसं द्यायचं, या प्रश्नाचं उत्तर दोघांनी एकच काढलं. लढायांचा निकाल आज कोणाच्या उपयोगाचा नाही, नहरी मात्र शतकं वाहिल्या.

मोहरा शोधणाऱ्यांनो, बुऱ्हाणपूरच्या जमिनीखालचं भांडार हे आहे. शहराची श्रीमंती त्याच्याच जोरावर होती. फ्रेंच प्रवासी तावेर्निएने लिहून ठेवलंय, की इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जायचं. त्यामागे विणकर होते. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने इथलं बहादूरपुरा लुटलं, १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हे शहर पेशव्यांकडे आलं. मालक बदलले, विणकर राहिले. मालेगाव-भिवंडीसारखीच इथेही मागाची खटखट आजही ऐकू येते.

आपल्यातही काही जण आहेत ज्यांना बुऱ्हाणपूर म्हटलं की फक्त मुमताज महल आठवते. ती इथे १६३१ मध्ये बाळंतपणात गेली, सहा महिने जैनाबादच्या बागेत तिची कबर होती. ताजमहाल इथे झाला असता तर, अशी हळहळ ऐकू येते. या हळहळीने काय साधतं? बादशहांच्या वैभवावर दावा सांगायला गेलं की बादशहांच्या जुलमांचा हिशेबही आपल्याच माथी मारला जातो. मला त्यांचा वारस व्हायचं नाही. वारसा सांगायचाच तर पाणी शोधणाऱ्या त्या माणसाचा, बोगदे खोदणाऱ्या नाव नसलेल्या मजुरांचा आणि विणकरांचा सांगावा. त्यात हिंदूही आहेत, मुसलमानही.

२०२४ मध्ये कुंडी भांडाऱ्याचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. चांगलं झालं. पण बोगद्यांत क्षार साचून झरे अरुंद होतात, आणि डोंगराच्या उतारावर बोअरवेल खोदल्या की मुरणारं पाणी तिथूनच उपसलं जातं. फलक लावून पाणी येत नाही. कुंड्यांमधला गाळ काढायला, वरच्या उतारावर झाडं लावायला आणि बोअर थांबवायला माणसं लागतात. ज्यांना या गावाच्या इतिहासाचा अभिमान आहे किंवा राग आहे, त्यांनी एकदा त्या कामाला हात लावावा. फावडी तर त्यांच्याकडे आहेतच.