चेहरा धुताना लोणार आठवा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिले असेल. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात पडलेल्या या विवरातील पाण्यात सोडियमचे क्षार विपुल आहेत. त्याचा सामू, म्हणजे पीएच, १० च्या आसपास असतो. या पाण्याने रोज तोंड धुवा असे कोणी सांगितले, तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. पण नेहमीच्या साबणवडीच्या द्रावणाचा सामूही साधारणपणे ९ ते १० असतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

निरोगी त्वचा सौम्य आम्लधर्मी असते. तिचा सामू ५ च्या जवळपास. सामू १ ने वाढला की हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापट घटते. म्हणजे ५ आणि १० यांत लाखपटीचे अंतर! दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने चेहरा घासला, तर त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे होते. ती कोरडी पडते, चुरचुरते.

तारुण्यपीटिका अस्वच्छतेमुळे येतात, हा गैरसमज आहे. वयात येताना संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जास्त तेल स्रवतात, मृत पेशींनी रंध्रे बुजतात आणि आत जीवाणू वाढतात. यात लाजण्यासारखे काही नाही. आणि घासून त्या जातही नाहीत.

मग दुकानातला फेसवॉश कसा निवडावा? माझे मत स्पष्ट आहे. फेस, सुगंध आणि जाहिरातीतला चेहरा विसरा, वेष्टन वाचा. फेसवॉश सौम्य, साबणविरहित व सुगंधविरहित असावा. त्यात ०.५ ते २ टक्के सॅलिसिलिक आम्ल असल्यास बुजलेली रंध्रे मोकळी होण्यास मदत होते. दिवसातून दोनदा धुणे पुरे. गुण दिसायला काही आठवडे लागतात. मुरूम दुखरे असतील, व्रण राहत असतील, तर डॉक्टरांकडे जा. मित्राने सुचवलेले स्टेरॉइडचे मलम मात्र कधीही लावू नका. त्यानेच मुरूम वाढू शकतात. अशी १४ मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला, तो उगाच नव्हे.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करून घ्यावा. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या व फेसवॉशच्या द्रावणाचा एकेक थेंब टाका. कागद लालसर झाला, तर द्रावण आम्लारीधर्मी समजा. लोणारच्या पाण्यानेही तो असाच लाल होईल. जाहिरात काहीही म्हणो, हळद खोटे बोलत नाही!