गायरानाला निकस म्हणण्यापूर्वी

छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील एखाद्या गावी गायरानाची गोष्ट काढा. "ती जमीन निकस झाली आहे, दुसऱ्या कामाला लावा," असे कोणीतरी सांगेलच. विद्यार्थी मित्रांनो, हा निकाल घाईचा आहे, असे माझे मत आहे. जमीन मुळात निकस होती, की तिचे सत्त्व दुसरीकडे नेले गेले, हे आधी पाहिले पाहिजे.

गवताची वाढ मुख्यतः जमिनीतील नत्रावर होते. गाय गवत खाते, पण त्यातील थोडाच नत्र तिच्या अंगी लागतो. सामान्यतः तीन-चतुर्थांशाहून अधिक नत्र शेण आणि मूत्र यांवाटे बाहेर पडतो. मग नुकसान कसले? नुकसान जागेच्या बदलाचे! जनावरे चरतात सगळ्या रानात. पण दुपारी बसतात लिंबाच्या सावलीत किंवा पाणवठ्याशी आणि रात्री गोठ्यात. नत्र तेथेच साचतो. मूत्र पडते त्या हातभर जागेत, हेक्टरी हिशेब केला तर, शेकडो किलो नत्र पडतो. तेथील गवत काळेभोर हिरवे आणि चार पावलांवरचे पिवळे दिसते, ते यामुळेच. शिवाय साचलेला सगळा नत्र टिकत नाही. मूत्रातील युरियापासून जिवाणू अमोनिया बनवतात. त्यातला काही उन्हात उडून जातो. उरलेल्याचे नायट्रेट होऊन ते पावसाच्या पाण्याबरोबर खोल झिरपते.

देशात २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. माती परीक्षणात उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी भरला, तर 'कमी' असा शेरा मिळतो. मातीचा नमुना झाडाखालून किंवा खताच्या ढिगाजवळून घेऊ नये, असा नियम आहे. शेतासाठी तो योग्यच आहे. पण गायरानातील नत्र नेमका अशाच जागी गोळा झालेला असतो! म्हणून एका आकड्यावरून गायरानाची परीक्षा करू नये. माळ, सावली आणि पाणवठा यांचे नमुने वेगवेगळे तपासावेत.

आता गावाकडे पाहा. रानातले शेण वेचून गोवऱ्या थापतात. चुलीत त्यांचा नत्र धुराबरोबर जातो. गोठ्यातले शेण उकिरड्यात आणि तेथून शेतात जाते. गायरानाला परत काय मिळते? वर्षानुवर्षे घेत राहायचे आणि रिते झाले की त्यालाच नावे ठेवायची, हा न्याय नव्हे.

काही जण म्हणतील, चराईबंदी केली की झाले. विश्रांतीने गवत सावरते हे खरे; पण नेलेला नत्र केवळ त्याने लवकर भरून येत नाही. त्यासाठी स्टायलोसारखी शेंगावर्गीय चारापिके पेरावीत. त्यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. दुसरा धडा धनगरांकडून घ्यावा. शेतात मेंढ्या बसवताना ते वाडा पुढेपुढे सरकवतात, म्हणून खत सगळीकडे पडते. गायरानातही जनावरांची बसण्याची जागा अशीच बदलता येईल.

येत्या श्रावणात गायरानात तीन ठिकाणी एकेक मीटरचे चौकोन सुतळीने आखा. गवताचा रंग आणि उंची वहीत नोंदवा, नकाशा काढा. गायरान दुसऱ्या कामाला द्यायचा विषय ग्रामसभेत निघालाच, तर तो नकाशा आधी सर्वांसमोर ठेवा.