हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात मी बँकेच्या रांगेत उभा राहून हयातीचा दाखला देतो. समोरचा कारकून मला वर्षानुवर्षं ओळखतो, तरी अंगठा यंत्राला टेकेपर्यंत त्याच्या लेखी मी जिवंत नसतो. पूर्वी फार चिडचिड व्हायची. इशाक लोकांबद्दल वाचल्यापासून कुरकुर बंद केली. मला अजून कोणी पुस्तकात मेलेला म्हणून छापलेलं नाही.

इशाक म्हणजे त्यांच्या भाषेत माणसं. मेक्सिकोच्या आखाताकाठी, लुइझियाना आणि टेक्सासच्या दलदलीतली. जग त्यांना अटाकापा म्हणतं. तो शब्द शेजारच्या चॉक्टॉ लोकांचा, अर्थ 'माणूसखाऊ'. शेजाऱ्याने दिलेली शिवी फ्रेंचांनी उचलून आपल्या ठाण्याला लावली, आणि १८०५ मध्ये अमेरिकनांनी त्याच नावाची काउंटी काढली. शिवी सरकारदप्तरी रुजू झाली.

पुरावा मागितला की सिमार द बेलील या फ्रेंच अधिकाऱ्याकडे बोट दाखवतात. १७१९ मध्ये तो गॅल्व्हेस्टनच्या उपसागराजवळ किनाऱ्यावर अडकला. सोबतचे उपासमारीने गेले. इशाकांच्याच गोतातल्या लोकांनी त्याला गुलामासारखं राबवलं, पण जगवलं. शत्रूचं मांस खाताना मी त्यांना पाहिलं, असं तो लिहितो. पाहिलंही असेल, त्याला खोटा पाडायची मला हौस नाही. पण सुटका झाल्यावर १७२१ मध्ये हाच गृहस्थ ला आर्प नावाच्या फ्रेंच कप्तानाबरोबर तिथे परतला. वसाहत नको, असं तिथल्या लोकांनी सांगितलं, तेव्हा ला आर्पने त्यातल्या काहींना जहाजावर घालून पळवून नेलं. त्यावरून फ्रेंचांना कोणी नवं नाव ठेवल्याचं ऐकिवात नाही.

पुढे १७७९ मध्ये लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर गाल्व्हेझ इंग्रजांवर चालून गेला, तेव्हा हेच 'माणूसखाऊ' सैन्यात चालले.

आता त्यांच्या भाषेच्या शब्दकोशाबद्दल. १८८५ च्या जानेवारीत अल्बर्ट गात्शेट हा भाषापंडित लेक चार्ल्स गावात आला. लुइझन हंटिंग्टन आणि डिलायला मॉस या दोन बायकांनी त्याला आपली भाषा सांगितली: शब्द, क्रियापदं, गोष्टी. कुठल्याच दुसऱ्या भाषेशी जिचं नातं आजवर ठामपणे सिद्ध झालेलं नाही, अशी ती भाषा. टिपणं वॉशिंग्टनला गेली आणि कागदांत पडून राहिली. गात्शेट १९०७ मध्ये वारला. कोश छापला गेला १९३२ मध्ये, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी. लेखक म्हणून नावं गात्शेट आणि जॉन स्वाँटन या दोन साहेबांची, आणि भाषेचं नाव तीच शिवी. ज्यांच्या तोंडून ती भाषा उतरवली त्या दोघी लेखकांत नाहीत.

स्वाँटन स्वतः १९०७-०८ मध्ये तिकडे जाऊन आला होता. त्याला अटाकापा सापडले मोजून नऊ. झालं! भाषा गेली म्हणजे माणसंही गेली, असा हिशेब करून 'नामशेष' हा शिक्का पुस्तकांतून फिरू लागला. वंशज मात्र तिथेच होते. क्रिओल, आफ्रिकी, फ्रेंच घरांत मिसळले होते आणि जनगणनेत 'काळे' किंवा 'मिश्र' म्हणून मोजले जात होते.

आता हेच वंशज अमेरिकी सरकारकडे मान्यता मागतात. नियम म्हणतो: १९०० पासून आजवर समाज म्हणून सलग नांदलात हे दाखवा. खोटे दावेदारही येतात, तेव्हा नियम हवेत हे मान्य. पण मृत्यूची नोंद ज्या दप्तराने केली, त्याच दप्तराने जिवंतपणाचा कागद मागावा, हा माझ्या बँकेलाही न सुचलेला बनेलपणा आहे.

दरम्यान जमीनच चालली आहे. मिसिसिपीला बांध घातले, गाळ अडला. तेलासाठी कालवे खणले, खारं पाणी आत शिरलं. १९३२ ते २०१६ या काळात लुइझियानाच्या किनाऱ्याची ४,८३३ चौरस किलोमीटर जमीन पाण्यात गेली. सुरुवातीचं साल पाहा, कोश छापला तेच. ग्रँड बायू या वस्तीत अटाकापा-इशाक कुटुंबं खांबांवरच्या घरांत राहतात. त्यांनी २००५ चं कतरिना वादळ सोसलं, २०१० ची तेलगळती सोसली. घरी जायला रस्ता नाही, होडीनेच जावं लागतं.

लुइझियानाच्या नकाशावर कॅल्कशू नदी सापडेल. ते नाव त्यांच्याच 'कतकोश योक' वरून आलंय, अर्थ 'ओरडणारा गरुड'. नदीच्या नावाला कोणी दाखला विचारला नाही. इशाकांना केंद्र सरकारची मान्यता अजून मिळालेली नाही.